सोयरीक केसांवर अडत नाही

लखनौच्या चौकात, सराफ्यावरच्या खोल्यांत, लग्नाच्या वयाच्या मराठी पोरांना एक सल्ला हमखास मिळतो. "लग्न होईस्तोवर केस सांभाळ, पुढं काय व्हायचं ते होऊ दे." सल्ला देणारा कधी मामा असतो, कधी चुलता, कधी दुकानाचा शेठ. पोराविषयीच्या मायेशिवाय त्याच्या मनात दुसरं काही नसतं. तरीही हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यानं पोरांचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोल दरवाज्यातून आत शिरलं की सराफा, चिकनची दुकानं, अत्तरवाले, आणि पुढं अकबरी दरवाज्याकडं कबाबांचा धूर. याच गर्दीत सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून आलेले गलाई बांधव आहेत. सोन्याचांदीची मोड वितळवून शुद्ध करून द्यायची, हा त्यांचा धंदा. गावाकडं पाऊस नाही, म्हणून पोरगं मिसरूड फुटायच्या वयात इकडं येतं आणि मूस, भट्टी, तेजाब यांत आठ-दहा वर्षं घालवतं. लग्नाचं वय होईपर्यंत कपाळ वर सरकायला लागलेलं असतं. मुलगी मात्र गावाकडचीच बघायची असते. त्यामुळं फोटो आणि बायोडाटा व्हॉट्सअॅपवरून आधी पोचतो, माणूस दिवाळीच्या सुट्टीत मागून. हल्ली पत्रिका जुळली की मुलगा-मुलगी एकमेकांचा नंबर घेऊन महिना-दोन महिने बोलतात. पाहणं, बोलणं, पसंती हे सगळं फोनच्या काचेवर होतं, म्हणून केसांची धास्ती पूर्वीपेक्षा वाढली आहे.

समोरच्या मताची बाजू आधी पुरती मांडतो, कारण पूर्वपक्ष दुबळा करून मिळवलेला विजय काही कामाचा नसतो. ते मत असं : चौकातलं पाणी जड, त्यात भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर, डोक्याला तेल लावायला वेळ नाही, म्हणून केस जातात. म्हणजे पोरानं हयगय केली. टक्कल पडलेला मुलगा आजच्या मुलींना चालत नाही. तेव्हा सुपारी फुटेपर्यंत चार वर्षांपूर्वीचा फोटो, टोपी, केसांत भरायची पावडर, पॅच, पैसा असेल तर ट्रान्सप्लांट, जे जमेल ते करून झाकून न्यावं. एकदा लग्न लागलं की बायको काही केसांपायी माहेरी जात नाही.

या मताला आधार नाही असं नाही. लखनौला लागूनच उन्नाव जिल्हा आहे. तिथं मे २०२२ मध्ये वरमाला घालायच्या आधी नवरदेवाला भोवळ आली, सावरताना डोक्यावरचा विग निघाला आणि मुलीनं लग्नाला नकार दिला. पोलीस आले, पंचायत बसली, नकार कायम राहिला. ही गोष्ट चौकात सगळ्यांना पाठ आहे. आणि अनोळखी माणसांचे फोटो दाखवून पहिलं मत विचारण्याचे प्रयोग मानसशास्त्रात झालेले आहेत. अमेरिकेत थॉमस कॅश यांनी १९९० मध्ये केलेल्या अशा अभ्यासात केस गेलेल्या पुरुषांना वय जास्त आणि रूप कमी असाच शेरा मिळाला. हे मी नाकारत नाही. 'रूपाला काही किंमत नसते, मन सुंदर हवं' असं पोरांना सांगणारे लोक त्यांची फसवणूक करतात. फोटोत केसांना किंमत आहे.

तितकंच खोटं दुसरं सांत्वन आहे : टक्कल म्हणजे अंगात पौरुष जास्त. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरोन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचेच केस जायला लागतात, इतरांचे नाहीत. म्हणजे संप्रेरक लागतंच, पण ते सगळ्याच पुरुषांत असतं. फरक असतो तो केसाच्या मुळाच्या संवेदनशीलतेत. टेस्टोस्टेरोनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरोन हे संप्रेरक तयार होतं. कपाळाची आणि टाळूची मुळं त्याला वंशानं हळवी असली, तर वाढीच्या दर फेरीत केस अधिक बारीक, अधिक आखूड उगवतो आणि शेवटी लवेसारखा उरतो. टकल्याच्या अंगात पौरुष जास्त नसतं आणि केसाळाच्या अंगात कमी नसतं.

पाण्याचा आणि तेजाबाचा आरोप इथंच गळून पडतो. ज्या बादलीतलं पाणी कपाळावर पडतं तेच मागच्या बाजूला, कानांच्या वर पडतं. तिथले केस शाबूत कसे राहतात? न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ऑरेंट्रीच यांनी १९५९ मध्ये हेच प्रयोगानं सिद्ध केलं : डोक्याच्या मागचं मूळ उचलून पुढच्या टकलावर रोवलं, तर ते तिथंही मागच्यासारखंच वाढत राहतं. जागा तीच, पाणी तेच. फरक मुळात आहे. आजचं सारं केसरोपण याच शोधावर उभं आहे.

पाणी किंवा अन्न खरोखर दोषी असतं तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्रानं नुकतंच पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत डोकी रिकामी झाली. त्यात बाया होत्या, शाळकरी पोरं होती, म्हातारी माणसं होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना बाधितांच्या शरीरात सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडं बोट दाखवलं. पुढं बऱ्याच जणांचे केस परतही आले. बाहेरचं कारण असं काम करतं : एकदम, सरसकट, बाईपुरुष न पाहता. चौकातल्या पोराचं कपाळ पाच वर्षांत दोन बोटं वर गेलं आणि त्याच नळाचं पाणी भरणाऱ्या वहिनीची वेणी तशीच आहे, तर दोष नळाचा नाही. टायफॉइड, डेंगी किंवा कोविड होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात तेही वेगळं. ते सहसा भरून येतात.

तेलाचंही तसंच. मुंबईच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खोबरेल तेलानं केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते असं दिसलं. आपल्या आज्यांचं तेवढं बरोबर होतं. पण ते उगवलेल्या केसाचं रक्षण आहे. मुळाचा वारसा तेलानं बदलत नाही, मग ते खोबरेल असो, आवळ्याचं असो की झवाई टोल्यातल्या एखाद्या हकिमाचा रोगन असो. तेजाबाच्या धुराला तर मी पोरांनी खरंच भ्यावं असं म्हणेन, पण केसांसाठी नव्हे. त्यानं फुप्फुसं बिघडतात आणि दात झिजतात. आरशात टाळू निरखणाऱ्या पोरांच्या खोलीत धूर बाहेर ओढणारा पंखा नसतो, याची खंत मला केसांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

हे कारण-मीमांसेचं पुराण लांबवलं ते एवढ्यासाठी, की केस आपल्या हयगयीनं गेले असं एकदा मनात बसलं की पोरगं अपराध्यासारखं वागायला लागतं. आणि अपराधी वाटलं की माणूस लपवतो. बंगळूरला १,००५ पुरुषांची पाहणी करून २००९ मध्ये जो अभ्यास छापला गेला, त्यात ३० ते ५० वयाच्या पुरुषांपैकी ५८ टक्क्यांना हे वंशानं येणारं टक्कल कमी-जास्त प्रमाणात होतं. निम्म्यांहून अधिक पुरुषांत जे आहे, त्याला एकट्याचं पाप समजण्यात काय अर्थ आहे?

शिवाय केसांवरून वर पारखायची रीत आपल्याकडं जुनी नाही. सुश्रुत-चरकांनी खालित्यावर उपचार सांगितले आहेत, म्हणजे केस जाणं पूर्वीही कुणाला आवडत नव्हतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मराठी पुरुष डोकं भादरून घेरा आणि शेंडी ठेवायचा, वर पागोटं. लखनवी माणसाच्या डोक्यावर दुपल्ली टोपी असायची. कपाळाची रेषा नेमकी कुठं आहे हे सोयऱ्यांना कळायचं कारणच नव्हतं. इंग्रजी शाळा आणि कचेऱ्या आल्या, शेंडी गेली, भांग आला, मग कॅमेरा आला. आपल्या समाजानं केसांवरून खरा छळ केला तो विधवांचा, आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला तेव्हा तो निदान जाहीरपणे मोडला गेला. केसांवरून माणसाचा मान ठरवणं सोडायला आपण एकदा शिकलो आहोत.

आता मूळ प्रश्न. सांगलीच्या या पोरांची लग्नं अडली आहेत हे खरं आहे. पण कशानं?

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं ९१३ मुली होत्या. सांगली जिल्ह्यात ८५१. त्या वेळी अंगणवाडीत बसणारी ती पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे नेमकी लग्नाला उभी आहेत. हजारातल्या दीडशे पोरांना त्यांच्या वयाची मुलगी त्यांच्या जिल्ह्यात जन्मलेलीच नाही. २०११ मध्ये राज्याचा आकडा आणखी घसरून ८९४ झाला. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा या आकड्यांमागं काय चाललं होतं हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले आणि आम्हाला मुली द्या म्हणाले. लोकांना ती गंमत वाटली, मला नाही वाटली.

या तुटवड्यात मुलीकडच्यांना निवडीची संधी पहिल्यांदाच मिळाली आहे, आणि ते योग्यच आहे. ते काय विचारतात? चौकातली खोली स्वतःची की भाड्याची, दुकान नावावर आहे का, पोरगं पितं का, एवढ्या लांब हिंदी मुलखात आमची मुलगी दिवसभर एकटी काय करणार, बाळंतपणाला कुठं आणणार, धंद्यात पोलिसांचं लचांड तर नाही ना. कारण चोरीचं सोनं गलाईवाल्याकडं येतं, हा संशय त्या धंद्यामागं कायमचा लागलेला आहे. हे प्रश्न खरे आहेत, कठीण आहेत आणि त्यांची उत्तरं द्यायला वेळ लागतो. त्यांना तोंड देण्यापेक्षा 'केसांमुळं जमत नाही' म्हणणं घरच्यांना सोपं जातं. नकार आला की सगळ्यांची नजर पोराच्या डोक्याकडं जाते. आपल्याच पिढीनं मुली जन्मू दिल्या नाहीत, त्याचा हिशेब मग द्यावा लागत नाही.

उन्नावच्या लग्नाकडं आता पुन्हा पाहू. मुलीचे काका त्या वेळी जे बोलले ते वर्तमानपत्रांत आलं होतं. त्याचा आशय असा, की आधी सांगितलं असतं तर तिच्या मनाची तयारी केली असती. खोट्यावर संसार उभा राहत नाही. शेवटी वरपक्षानं लग्नाचा खर्च भरून द्यायचं कबूल केलं. मुंबईजवळ मीरा रोडला २०२० मध्ये २७ वर्षांच्या एका विवाहितेनं नवऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, कारण तो विग लावतो हे तिला लग्नानंतर कळलं. हे आधी कळलं असतं तर मी लग्नच केलं नसतं, असं तिचं म्हणणं होतं. इथं समोरचा पक्ष म्हणेल, बघा, म्हणजे केसांवरच अडलं ना! मी उलटं म्हणतो. तिला नको होतं, तर तिला आधी 'नको' म्हणायचा हक्क होता. तो हक्क काढून घेऊन त्या माणसानं काय मिळवलं? पोहे खाऊन मिळाला असता तो नकार त्याला पोलीस ठाण्यात मिळाला. हिंदू विवाह कायद्याच्या १२व्या कलमात जोडीदाराविषयीची महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली संमती हे विवाह रद्द करण्याचं कारण मानलं आहे. टक्कल त्यात बसतं का हा वकिलांचा प्रश्न. पण फसवलं गेल्याची भावना न्यायालयाची वाट पाहत नाही.

चौकातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. अठरा कॅरेटचा डाग अठरा कॅरेट सांगून विकला तर त्यात कमीपणा नाही, रोज विकला जातो. तोच बावीस म्हणून विकला आणि टंच काढल्यावर उघडा पडला, तर त्या दुकानाची पायरी कोणी पुन्हा चढत नाही. ज्यांचा अख्खा धंदा टंचाच्या विश्वासावर चालतो, त्यांनीच आपल्या मुलांना हिणकस लपवायला शिकवावं, याचं मला वाईट वाटतं.

आणि लपवण्याची किंमत लग्नानंतर नव्हे, आधीपासूनच मोजावी लागते. ती मी जवळून पाहिली आहे. हेअर फायबर नावाची काळी भुकटी मिळते, विरळ जागी शिंपडली की केस दाट दिसतात. दुकानात सकाळी नऊला ती बसवलेली असते. साडेदहाला भट्टी लागते, मूस लाल होते, आणि वाकून चिमट्यानं मूस उचलणाऱ्या पोराच्या कानशिलावरून घामाचा एक काळा ओघळ खाली येतो. ते बाहीनं पुसतं, बाही काळी होते. मग ते इकडंतिकडं बघतं, कोणी पाहिलं का. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा फोन हनुवटीखाली धरून, दिवा पाठीमागं ठेवून, मे महिन्यात टोपी घालून ते बोलतं. ती काय बोलली यातलं निम्मंही त्याच्या ध्यानात राहत नाही, कारण सगळं चित्त कॅमेऱ्याच्या कोनात. गणपतीत मंडळाच्या फोटोत हे पोरगं शेवटच्या रांगेत, कोणाच्या तरी मागं. मुलीला त्याचं टक्कल दिसत नाही. तिला दिसतो एक बुजरा, तुटक, काहीतरी दडवणारा मुलगा. ती नकार देते तो त्याला. घरी मात्र म्हणतात, केसांमुळं गेलं.

आत्मविश्वास छाती काढून चालल्यानं येतो असं जे शिकवलं जातं त्यावर माझा विश्वास नाही. उघड पडेल असं काही हातात उरलं नाही, की माणूस आपोआप मोकळा बोलतो. कॅश यांच्याच १९९२ च्या अभ्यासात केस जाण्याचा मनस्ताप सर्वांत जास्त कोणाला होतो, तर कमी वयात केस गेलेल्या, जोडीदार नसलेल्या तरुणांना. ते दुःख खरं आहे, त्याची थट्टा करू नये. मित्रांनी 'चंद्र' म्हणून हाका मारणं बंद करावं. पण त्या दुःखावर झाकण हा उपाय नव्हे.

न्हाव्याच्या खुर्चीत मिळणारा एक साधा उपाय मात्र आहे. अल्बर्ट मॅनेस यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पूर्ण तासलेलं डोकं पाहणाऱ्याला अधिक रुबाबदार, अधिक खंबीर वाटतं. सर्वांत पडती बाजू असते विरळ केस कसेबसे राखणाऱ्याची. त्याच अभ्यासात तासलेल्या डोक्याला रूपाचे गुण कमी मिळाले आणि वय थोडं जास्त धरलं गेलं, हेही सांगायला हवं. पण उजवीकडचे केस डावीकडं ओढून बसवण्यापेक्षा ते बारीक कापणं किंवा सरळ मशीन फिरवणं नक्कीच बरं. आपल्याकडं चकोट माणूस म्हणजे सुतकातला, ही अडचण खरी आहे. ती दाढी-मिशी नीट राखली तर बरीचशी सुटते.

"खरं सांगितलं तर दारच उघडणार नाही," हा समोरच्या मताचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार मुद्दा. त्यात तथ्य आहे. आजचा फोटो पाठवला तर काही घरं फोन उचलणार नाहीत. पण ती घरं जुना फोटो पाहूनही दिवाळीत, समोरासमोर, नाहीच म्हणाली असती. तोवर लखनौहून गावापर्यंतच्या प्रवासाचा, रजेचा आणि आशेचा खर्च झालेला असता. खऱ्या फोटोनं स्थळं कमी येतात, पण येतात ती पाहून आलेली असतात. आणि मुलीकडच्यांच्या खऱ्या यादीत केस कितव्या नंबरावर आहेत, हे वर पाहिलंच. अनुपम खेर मुंबईत येण्याआधी लखनौच्या भारतेंदु नाट्य अकादमीत शिकवत. १९८४ च्या 'सारांश'मध्ये त्यांनी निवृत्त मराठी मास्तर उभा केला तो अठ्ठाविसाव्या वर्षी, टकलासकट. पोरांना असली उदाहरणं देतात. मी देत नाही, कारण सगळ्यांनी नट व्हायचं नाही. माझा भरवसा त्यांच्या चुलत्यांच्या पिढीवर आहे. चौकातल्या या घरांतले निम्मे कर्ते पुरुष टकले आहेत आणि त्यांचे संसार उभे आहेत.

मग केसांसाठी काहीच करू नये का? जरूर करावं, पण उघडपणे आणि वेळेवर. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ चौकाला लागूनच आहे आणि तिथं त्वचारोग विभाग आहे. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते डोक्याला लावायला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. ते चालू असेतो उपयोगी. सोडलं की काही महिन्यांत मिळवलेलं जातं. फिनास्टेराइडच्या गोळीला याच कामासाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली. गेलेलं परत आणण्यापेक्षा आहे ते राखायला ती जास्त कामाची, म्हणून सुरुवात लवकर हवी आणि फरक दिसायला सहा महिने ते वर्ष धीर हवा. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते, काहींना उदासी येते, आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा इशाराही दिला गेला आहे. म्हणून ती डॉक्टरला विचारल्याशिवाय, मित्राच्या पाकिटातून घ्यायची नाही. आणि एक गोष्ट लपवणाऱ्यांनी नीट ऐकावी : या गोळीचा चुरा गरोदर बाईनं हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. जो नवरा ही गोळी बायकोपासून चोरून अर्धी मोडून घेतो, तो केसांपायी आपल्या बाळाशी खेळतो.

ट्रान्सप्लांटची घाई सर्वांत वाईट. बाविसाव्या वर्षी पुढची रेघ भरून घेतली तरी मागचं गळणं थांबत नाही, आणि तिशीत पुढं केस, मध्ये रिकामं असं डोकं उरतं. लग्नाची तारीख धरून, स्वस्त पाहून, कुठल्या तरी खोलीत शिरणाऱ्यांचं काय होतं? चेन्नईत २०१६ मध्ये वैद्यकीचा एक विद्यार्थी या शस्त्रक्रियेनंतर दगावला. मुंबईत मार्च २०१९ मध्ये ४३ वर्षांचा एक व्यावसायिक गेला. आणि लखनौहून दीड-दोन तासांवरच्या कानपुरात नोव्हेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये दोन इंजिनिअर गेले. तिथं शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती दातांची डॉक्टर असल्याचं पुढं उघड झालं. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्येच ही शस्त्रक्रिया कोणी करावी याचे निकष घालून दिले आहेत. टक्कल हमखास बरं करतो असं कोणत्याही औषधानं म्हणू नये, हे तर १९४५ च्या औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टातच आहे. तरी भिंती जाहिरातींनी भरलेल्या आहेत. करायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनची पदवी पाहून, पूर्ण तपासण्या होतात अशा जागी, आणि तारखेचा दबाव न ठेवता.

चौकातल्या मामा-चुलत्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पोराला केस सांभाळ म्हणू नका. त्याला सांगा की तुझा फोटो आजचा असू दे. खोली कुणाची, कमाई किती, पिणं-खाणं काय, धूर ओढायला पंखा आहे का, हे सगळं त्याच बायोडाट्यात लिहा. पहिल्याच फोनवर, मुलीनं विचारायच्या आधी, त्यानं टोपी काढून बोलावं. मुलीच्या आईवडिलांनीही आडून न विचारता सरळ विचारावं आणि नको असेल तर सरळ सांगावं. त्यात अपमान कुणाचाच नाही. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. त्याच्या आत फोटो बदलून घ्या.